काम करून बाजूला राहणारे विकर

रक्तातील पुष्कळशा प्रथिनांना शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात व त्यांच्या टोकाशी बहुधा सियालिक आम्ल असते. ते काढून घेतलेले सेरुलोप्लाझमिन हे प्रथिन सशाचे यकृत काही मिनिटांतच रक्तातून उचलते, असे अॅशवेल व मोरेल यांना १९६०च्या दशकाच्या अखेरीस आढळले.

हे आम्ल तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, ते सियालिडेज. पटकीच्या जंतूंतही ते असते. परंतु द्रवात मिसळलेले विकर काम संपल्यावरही तेथेच उरते. मग दिसलेला परिणाम आम्ल गेल्याचा की उरलेल्या विकराचा? फ्ल्यूच्या रक्तद्रव-चाचणीत ५६ अंश सेल्सिअस उष्णतेने ते निकामी करतात. उष्णतेने बिघडणाऱ्या प्रथिनांना मात्र हा मार्ग चालत नाही.

म्हणून विकर अॅगरोजच्या सूक्ष्म मण्यांना जखडतात. जोयड्याच्या घरांतील जाते जागीच राहते, पीठ तेवढे बाहेर पडते. तसेच मणी नळीत राहतात आणि प्रथिन पार होते. मणी पुन्हा वापरता येतात. जखडलेल्या विकराचा वेग काहीसा मंदावू शकतो, हे खरे. परंतु साधन निष्कर्षात मिसळत नाही, आणि निष्कर्षाची विश्वासार्हता त्यावरच अवलंबून असते.