मुळशीची थंडी आणि ब्रसेल्स स्प्राउट्स: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्रसेल्स स्प्राउट्स म्हणजे कोवळेपणीच काढलेला कोबी, हा समज मुळातच चुकीचा असून परसबागेतील लागवडीच्या बऱ्याच चुका त्यातूनच उद्भवतात. कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि ही भाजी हे एकाच वनस्पतिजातीचे प्रकार असले, तरी कोबीचा गड्डा शेंड्याच्या कळीपासून बनतो, तर येथे उंच वाढलेल्या खोडावर पानांच्या बेचक्यांतील कळ्या, म्हणजे कक्षकलिका, फुगून लहान गड्ड्या तयार होतात.

मुळशी तालुका घाटमाथ्यालगतचा, म्हणून तेथे हे थंड हवेचे पीक केव्हाही येईल, ही अपेक्षाही टिकणारी नाही. ताम्हिणीकडचा पावसाळी गारवा ढगांचा असतो. गड्डी घट्ट भरण्यासाठी मात्र सुमारे १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमान आणि स्वच्छ ऊन लागते, व उष्मा वाढला की ती सैल होऊन उमलते. पौड-पिरंगुटच्या बाजूला अशी थंडी डिसेंबर-जानेवारीत आणि तीही मुख्यतः रात्रीच मिळत असल्याने, ऑगस्टअखेरीस आडोशाखाली बी पेरून चार-पाच आठवड्यांची रोपे लावणे आणि पुनर्लागवडीपासून ९० ते १०० दिवसांत येणारे लवकरचे वाण निवडणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. तरीही निलगिरीतल्यासारखी टणक गड्डी दर वर्षी मिळेलच असे नाही, हे आधीच जाणून असावे.

भरपूर नत्र दिल्यास उत्पन्न वाढते, ही समजूत तर थेट नुकसान करते, कारण अखेरच्या टप्प्यातील जादा नत्राने पाने माजतात आणि गड्ड्या पोकळ राहतात. जांभ्या मातीचा प्रश्न याहून गंभीर आहे. तिच्यातील आम्लता आणि साचलेले पाणी यांमुळे मुळांवर गाठी आणणारा रोग बळावतो, ज्याचे बीजाणू जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतात. म्हणून लागवडीपूर्वी माती तपासून चुना मिसळणे, गादीवाफ्यावर लावणे आणि त्या जागी काही वर्षे कोबी, मुळा वा मोहरी न घेणे आवश्यक असते. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी सापळा पीक म्हणून मोहरी लावण्याची शिफारस एरवी उत्तम असली, तरी अशा रोगट वाफ्यात ती टाळणेच योग्य, कारण मोहरीवरही हाच रोग पोसला जातो.

शेंडा खुडल्यास झाड मरते, ही भीतीही निराधार आहे. खालच्या गड्ड्या बोराएवढ्या झाल्यावर शेंडा काढला, की अन्नरस वरच्या कळ्यांकडे वळून त्या जवळपास एकाच वेळी भरतात. मात्र सगळी पाने काढू नयेत, केवळ पिवळी पडलेली खालची पाने काढून तोडणी बुंध्याकडून वर करीत जावी.