वीस लाख पोरं आणि रोज एक विहीर चहा

जालन्यात मस्तगडाच्या आत एक मोठी विहीर आहे, दालनं-सज्जे असलेली. गड 1725 चा. म्हणजे तीनशे वर्षांचा. हा आकडा खिशात ठेवा, पुढे लागेल.

मे 2025 मध्ये केंद्राने एक हजार सरकारी आयटीआय सुधारायला 60,000 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पाच वर्षांत 20 लाख पोरापोरींच्या हाताला कसब! कोटी म्हटलं की आपली बोटं थकतात, म्हणून पाचशेच्या नोटा मांडू. झाल्या 120 कोटी. नोट 15 सेंटिमीटर लांब. एकीला एक लावत मुंबईहून पुण्याकडे निघू. पुणं आलं, नोटा उरल्या. परत फिरा. पुन्हा निघा. किती खेपा? दहा? शंभर? अहो, बाराशे! पृथ्वीला साडेचार वेढे!

आता पोरं. बावीस डब्यांच्या गाडीत 1,600 जण, प्रत्येकाला बर्थ (जनरल डबा धरलेला नाही, तिथे गणितच घुसमटतं). गाड्या लागतील 1,250. एकीमागे एक उभ्या करा. शेवटच्या गाडीचा गार्ड अजून जालन्याच्या फलाटावर, आणि पहिलीचं इंजिन मुंबईला वळसा घालून पुण्याच्या तोंडाशी!

आणि चहा? ही 20 लाख पोरं एकाच दिवशी वर्गात आली आणि दोनदा अर्धा-अर्धा कप, म्हणजे 90-90 मिली प्यायली, तर दिवसाला 3 लाख 60 हजार लिटर. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहीर, काठोकाठ! रोज! चैत्रात आमच्या मराठवाड्यात एवढं पाणी असलेली विहीर दाखवा, चहा माझ्याकडून.

पण खरी गंमत तासांची. वेल्डरसारखा एक वर्षाचा ट्रेड म्हणजे 1,200 तास. प्रत्येकाने तेवढाच केला तरी एकूण 240 कोटी तास. हे सगळं एकट्या पोराच्या गळ्यात घाला. झोप नाही, रविवार नाही, पोळाही नाही. किती वर्षं लागतील त्याला? पावणेतीन लाख! मस्तगडाचं वय नऊशे वेळा मोजा, तेवढी. आज सर्टिफिकेट हवं असेल तर त्याने वर्कशॉपात पाऊल टाकलं असेल, तेव्हा माणूस नावाचा प्राणी पृथ्वीवर जेमतेम रुळला होता. शेती नाही, चाक नाही, लोखंडाचा तर पत्ताच नाही.

आणि जालन्याच्या सळईवाल्याला वेल्डर उद्या सकाळच्या पाळीला हवा असतो.