रिकामी गादी कोणाची ?

घरांतील कर्त्या पुरुषास मोठा हुद्दा मिळून तो परगांवीं गेला, म्हणजे पेढे वाटून होतात न होतात तोंच घरांत एक निराळा प्रश्न उभा राहतो. आतां तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे ? पंक्तींत त्याच्या पाटावर कोणीं बसावयाचें ? धाकट्या भावानें, थोरल्या मुलानें, कीं तो पाट तसाच रिकामा ठेवावयाचा ? एकत्र कुटुंबांत ज्यांचें आयुष्य गेलें आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, या प्रश्नावर जेवढें मौन धरलें जातें तेवढें दुसऱ्या कशावरही धरलें जात नाहीं. राज्यकारभारांतही हाच प्रश्न येतो. मात्र तेथें पाट एका कुटुंबाचा नसून लक्षावधि लोकांचा असतो.

आमच्या मालेगांवास रिकाम्या गादीची गोष्ट थोडी जवळची आहे. मोसमच्या कांठीं जो भुईकोट किल्ला उभा आहे तो नारोशंकर राजेबहाद्दर यांनीं इ. स. १७४० च्या सुमारास बांधण्यास घेतला. हेच नारोशंकर झांशीचेही सुभेदार होते. त्या झांशीची गादी १८५३ सालीं गंगाधररावांच्या निधनानें रिकामी झाली. दत्तकविधान झालेलें असतांही डलहौसीनें तें मानलें नाहीं व १८५४ सालीं राज्य खालसा केलें. गादी भरण्याचा अधिकार कोणाचा हें बलवानाच्या लहरीवर राहिलें म्हणजे काय होतें, हें इतिहासाच्या तासाला आम्ही दरवर्षीं शिकवीत आलों. पुढें लोकशाही आली तेव्हां हा प्रश्न कायमचा सुटला, अशी आमची भोळी समजूत होती.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें उदाहरण घ्यावें. सीनेटचा सभासद असतांनाच राष्ट्राध्यक्ष निवडून आला, असें तेथें तीनदांच घडलें आहे : १९२० सालीं हार्डिंग, १९६० सालीं केनेडी आणि २००८ सालीं ओबामा. सीनेटवर प्रत्येक राज्याचे दोन सभासद असतात. १९१३ पर्यंत ते राज्याच्या विधिमंडळाकडून निवडले जात. त्या सालीं घटनेंत दुरुस्ती होऊन ही निवड थेट मतदारांकडे आली. पण मध्येंच जागा रिकामी झाल्यास तात्पुरता सभासद नेमण्याचा अधिकार विधिमंडळानें गव्हर्नरास द्यावा, अशी मुभाही त्याच दुरुस्तींत ठेवली गेली. मोठा दरवाजा लोकांच्या हातीं दिला खरा, परंतु खिडकी उघडी राहिली.

हार्डिंगच्या जागेचा फारसा घोळ झाला नाहीं. तेथें पुढील मुदतीसाठीं निवडून आलेलाच मनुष्य थोडा आधीं नेमला गेला. केनेडींची गोष्ट मात्र मनोरंजक आहे. त्यांच्या धाकट्या भावाचें, एडवर्डचें, वय त्या वेळीं अवघें २८, आणि सीनेटरास ३० वर्षें पूर्ण असावीं लागतात. तेव्हां केनेडींचे महाविद्यालयांतील सोबती बेंजामिन स्मिथ यांची मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरानें नेमणूक केली. स्मिथ यांनीं ती जागा सांभाळली, १९६२ च्या निवडणुकीस उभे राहिले नाहींत, आणि तोंपर्यंत तीस वर्षांचे झालेले एडवर्ड निवडून आले. पुढें २००९ सालीं मृत्यु येईपर्यंत ते त्या जागीं होते. आमच्या वाचकांस येथें नंदिग्रामांतील पादुका आठवतील. परंतु भरतानें पादुका ठेवल्या त्या ज्याचें राज्य होतें त्याच्या. स्मिथ यांनीं जागा राखली ती जो अद्याप वयांतही आला नव्हता त्याच्यासाठीं. एडवर्ड यांना लोकांनीं पुढें वारंवार निवडून दिलें, हें खरें. तरीही पहिलें पान कोणीं मांडून ठेवलें होतें हें विसरतां येत नाहीं.

याच राज्यानें पुढें आणखी एक कौतुक केलें. २००४ सालीं तेथील सीनेटर केरी राष्ट्राध्यक्षपदास उभे होते. ते निवडून आले असते तर विरुद्ध पक्षाच्या गव्हर्नरानें त्यांच्या जागीं आपला मनुष्य नेमला असता. म्हणून बहुमतवाल्या पक्षानें कायदा बदलून गव्हर्नराचा अधिकारच काढून घेतला. जागा निवडणुकीनेंच भरावी, असें ठरविलें. तत्त्व म्हणून हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण केरी हरले, आणि २००९ सालीं एडवर्ड केनेडी वारले तेव्हां गव्हर्नर त्याच पक्षाचा होता. लगेच त्याच पक्षानें तात्पुरत्या नेमणुकीचा अधिकार परत दिला ! पांच वर्षांत तत्त्व गेलें आणि आलें.

ओबामांच्या जागेचा प्रकार याहून ओंगळ. ते निवडून आल्यावर त्यांची जागा भरण्याचा अधिकार इलिनॉय राज्याचे गव्हर्नर ब्लागोयेविच यांच्याकडे आला. ही नेमणूक विकून स्वतःचा लाभ करून घेण्याच्या आरोपावरून त्यांस डिसेंबर २००८ मध्यें अटक झाली. अटकेंतून सुटल्यावर त्याच महिन्यांत त्यांनीं रोलंड बरिस यांची नेमणूक केलीही, आणि सीनेटनें आधीं नाकारून जानेवारींत ती स्वीकारली. गव्हर्नर पदच्युत झाले, पुढें चौदा वर्षांची शिक्षा झाली. २०२० सालीं राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनीं शिक्षा कमी केल्यानें ते बाहेर आले आणि २०२५ सालीं त्यांस माफीही मिळाली. एका रिकाम्या खुर्चीची किंमत करणारा निघाला, कारण ती देण्याचा अधिकार एकाच्याच मुठींत होता.

आपल्याकडे निदान हें नाहीं. राज्यघटनेच्या ५९ व्या कलमाप्रमाणें राष्ट्रपति कोणत्याही सभागृहाचा सभासद असूं शकत नाहीं. पद ग्रहण करतांच त्याची जागा रिकामी झाली असें मानलें जातें. आणि ती कोणीं नेमून भरावयाची नसते. प्रतिभाताई पाटील २००७ सालीं राष्ट्रपति झाल्या. आमच्या शेजारच्या जळगांवच्या म्हणून आम्हांस विशेष आनंद झाला. त्या राजस्थानच्या राज्यपालपदावरून आल्या असल्यानें सभागृहांतील जागेचा प्रश्न आलाच नाहीं. २०१२ सालीं प्रणव मुखर्जी राष्ट्रपति झाले तेव्हां मात्र बंगालमधील जंगीपूरची लोकसभेची जागा रिकामी झाली. पोटनिवडणुकींत त्यांचे चिरंजीव अभिजित उभे राहिले. वडिलांनीं २००९ सालीं जी जागा सव्वा लाखाहून अधिक मतांनीं जिंकली होती, ती मुलानें २,५३६ मतांनीं राखली. मुलगा स्वतः विधानसभेचा सभासद होता, त्यामुळें एक जागा भरतांना दुसरी रिकामी झाली, तें निराळेंच. लोकांनीं पाट दिला, पण कुरकुरत दिला. आणि ती कुरकुर मोजतां आली हाच निवडणुकीचा गुण होय.

नाशिकचें उदाहरण याहून उदात्त. १९६२ च्या नोव्हेंबरांत चीनच्या आक्रमणाच्या काळांत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचें मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. मंत्र्यानें सहा महिन्यांत संसदेचा सभासद झालें पाहिजे, असा नियम. १९६३ सालीं नाशिकच्या पोटनिवडणुकींत ते बिनविरोध निवडून आले. सह्याद्रि हिमालयाच्या मदतीस धावला, असें त्या वेळीं म्हणत. विरोधकांनीं त्या प्रसंगीं माघार घेतली त्यांत आम्हांस औदार्य दिसतें. मात्र बिनविरोध निवड म्हणजे मतदाराची संमतिच, असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं; संकटकाळीं जें शोभतें तें नित्याचें झालें कीं खटकूं लागतें. ऑगस्ट २०२४ मध्यें पीयूष गोयल व उदयनराजे भोसले लोकसभेवर निवडून आल्यामुळें राज्यसभेच्या रिकाम्या झालेल्या दोन्ही जागा बिनविरोधच भरल्या गेल्या. राज्यसभेच्या अशा जागांसाठीं आमदार मत देतात व प्रत्येक जागेची निवडणूक स्वतंत्र होते. म्हणून विधानसभेंत ज्यांचें बहुमत त्यांनाच प्रत्येक जागा मिळते. नेहमींच्या निवडणुकींत अनेक जागा एकदम भरल्या जात असल्यानें लहान पक्षासही वांटा मिळतो. येथें तो मिळत नाहीं.

पण सर्वांत अधिक खेद आम्हांस वाटला तो पुण्याविषयीं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत १९९६ सालीं घातलेल्या कलमाप्रमाणें रिकामी जागा सहा महिन्यांत भरली पाहिजे. मुदत एक वर्षाहून कमी उरली असेल, किंवा केंद्र सरकारच्या विचारानें निवडणूक आयोगानें अडचण असल्याचें प्रमाणित केलें, तरच सूट. खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजीं वारले. वर्षाहून अधिक मुदत उरली होती. निवडणूक झाली नाहीं. डिसेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें ती तात्काळ घेण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिती दिली. आणि जून २०२४ पर्यंत विद्येच्या माहेरघरास लोकसभेंत कोणी नव्हतें. गव्हर्नरानें भलताच मनुष्य बसविणें वाईट. पण पाटच उचलून ठेवणें बरें कसें?

इतकें लिहिल्यावर आमच्या हातून घडलेली एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळावर आम्ही शिक्षकांचे प्रतिनिधि होतों. मंडळांतील एक सभासद अध्यक्षपदीं निवडून आले, व त्यांची जागा मोकळी झाली. ती वर्गणीदारांच्या सर्वसाधारण सभेनें भरावी, असा स्पष्ट नियम होता. परंतु सभा बोलाविण्यास खर्च फार, असें कोणी म्हणालें, चहा आला, आणि अध्यक्षांच्या पुतण्याचें नांव ठरावांत आलें. अक्षर चांगलें म्हणून इतिवृत्त लिहिण्याचें काम आमच्याकडे असे. आम्हीं वळणदार अक्षरांत लिहिलें, ‘सर्वानुमतें’.

पुढच्या महिन्यांत एक वृद्ध वर्गणीदार आले. मागावर आयुष्य घालविलेला मनुष्य. तिन्ही मुलगे आमच्या हाताखालून गेलेले. त्यांनीं फलकावरचा ठराव वाचला व आम्हांस विचारलें, “गुरुजी, सर्वानुमतें लिहिलंय. मला केव्हां विचारलं ?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं, नियमांचें पुस्तक काढून तें कलम त्यांच्यापुढें ठेवलें. त्यांनीं चष्मा लावून तें सावकाश वाचलें, पुस्तक मिटून परत दिलें, आणि खिशांतून त्या वर्षाची वर्गणी काढून पावती मागितली. ती पावतीही आम्हींच लिहून दिली.