नागपंचमीची लेक

आज नागपंचमी. घरोघरी पाटावर गंधाने अथवा हळदीने नागाची आकृती रेखाटली जाईल. आघाडा, दूर्वा आणि लाह्या वाहिल्या जातील. दुधाचा नैवेद्य दाखविला जाईल. आज विळी चालवावयाची नाही, तवा चुलीवर ठेवावयाचा नाही, शेतकऱ्याने नांगर धरावयाचा नाही. म्हणून स्वयंपाकघरात पुरणाची दिंडे उकडली जातील. हे नियम आपल्यापैकी किती जणांनी ग्रंथात वाचले आहेत? बहुतेकांनी ते ऐकले आहेत, आणि ऐकले आहेत ते घरातील आजीच्या तोंडून.

या दिवशी सांगितली जाणारी कहाणीही अशीच मुखोद्गत चालत आलेली. शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिले मरतात. संतापलेली नागीण त्याच्या सगळ्या घरादाराला दंश करते आणि सासरी असलेल्या त्याच्या लेकीचा शोध घेत निघते. पाहते तो काय, ती लेक पाटावर नाग काढून मनोभावे पूजा करीत बसलेली. नागीण प्रसन्न होते, लेकीला अमृत देते आणि ते शिंपडून लेक आपले माहेर उठविते. जी घर सोडून परगावी गेली, तिनेच घर वाचविले, हे या कहाणीचे मर्म आम्हांस नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

या सणाच्या निमित्ताने आज अशाच एका लेकीचे, पुढे एका मोठ्या घराची माउली झालेल्या वृद्धेचे स्मरण करावे, असे आम्हांस वाटते. ती म्हणजे खानदेशच्या बहिणाबाई चौधरी. जळगावजवळील असोदे या गावी १८८० साली त्यांचा जन्म झाला. तो दिवस नागपंचमीचा होता, असे त्यांचे चरित्र सांगताना परंपरेने सांगितले जाते. पित्याचे नाव उखाजी महाजन, मातेचे भीमाई. घर शेतकऱ्याचे, तीन भाऊ, तीन बहिणी असा भरला गोकुळासारखा परिवार. अक्षरओळख मात्र कधी झालीच नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि असोद्याची लेक जळगावच्या मोठ्या खटल्याच्या घरात सून म्हणून आली.

संसार सुरू झाला. काशी ही कन्या, ओंकार आणि सोपान हे दोन पुत्र. परंतु वयाची तिशी गाठते न गाठते तोच नथुजी निवर्तले. सोपान तर त्या वेळी अगदीच लहान. सौभाग्य गेलेल्या स्त्रीचे त्या काळी काय होत असे, हे जुन्या पिढीच्या वाचकांस सांगावयास नको. हळदीकुंकवाच्या ताटासमोर तिने यावयाचे नाही, मंगल कार्यात पुढे उभे राहावयाचे नाही, सण आला की आतल्या खोलीतच राहावयाचे. बहिणाबाईंच्या वाट्याला वैधव्याचे दुःख आले, आणि त्यासोबत येणारे घरातील व समाजातील कष्टही आले. त्यांनी देवाला बोल लावला नाही. आपले भविष्य हातावरच्या रेषांत शोधण्यासाठी ज्योतिष्याने दारी येण्याचे कारण नाही, अशा अर्थाचे त्यांचे एक गाणे प्रसिद्धच आहे. ज्या हातांवरील रेषांचा तो अर्थ लावणार, त्याच हातांनी त्यांनी शेत राखले, चूल पेटती ठेवली, मुले वाढविली.

आणि हे सारे करीत असता त्या गात होत्या. पहाटे जाते ओढताना, शेतात निंदणी करताना, त्यांच्या मुखातून ओव्या सहज उमटत. भाषा त्यांच्या घरची, लेवा पाटीदार समाजात बोलली जाते ती. विषयही रोजचेच: शेतातील पेरणी, बैलांचा पोळा, सुगरण पक्षिणीचा झाडाला टांगलेला खोपा, लेकींना माहेरी आणणारी आखाजी, गुढीपाडवा. मनाच्या चंचलपणाविषयी पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. बहिणाबाईंनी त्यासाठी दाखला घेतला तो पिकात शिरणाऱ्या मोकाट गुराचा. खानदेशातील शेतकऱ्याला तो सांगून समजवावा लागला नाही. परमेश्वर त्यांना देव्हाऱ्यात भेटला, तसाच तो उगवत्या कोंबातही भेटला. आमच्या संतपरंपरेने दळण-कांडणात देव पाहण्याची जी दृष्टी दिली, तिचाच हा वारसा होता. परंतु तो कोणा गुरूच्या मठात मिळालेला नव्हता, तर घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या मुखातून कानी पडलेला होता.

येथे आम्ही वाचकांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधू इच्छितो. ही गाणी आज आपल्याला ठाऊक आहेत, याचे कारण त्या गात होत्या एवढेच नव्हे. गाणाऱ्या आया-आज्या गावोगावी होत्या. कारण हे, की त्यांच्या घरात कोणीतरी ऐकत होते. धाकटा सोपान शिकला, पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून नावारूपास आला. आईच्या मुखातील ओव्या त्याने आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी कागदावर उतरवून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी, एकाहत्तर वर्षांचे कष्टमय पण कृतार्थ आयुष्य संपवून बहिणाबाईंनी जळगावी देह ठेवला. सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना ती गाणी दाखविली. अत्र्यांनी ती प्रकाशात यावीत असा आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक महाराष्ट्राच्या हाती आले. ते पाहावयास त्या माउली नव्हत्या. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून त्यांची गाणी घरोघरी पोहोचली. आणि २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. जिला अक्षर वाचता येत नव्हते, तिच्या नावाने आज पदव्या दिल्या जातात.

परंतु त्या पहिल्या पुस्तकात गाणी होती ती अवघी पस्तीस. आयुष्यभर जात्याशी आणि शेताशी गाणाऱ्या स्त्रीची पस्तीस गाणी! पिठाबरोबर जन्मलेल्या आणि पिठाबरोबरच सरून गेलेल्या ओव्यांची गणती कोण करणार?

हे लिहीत असता आमच्याच घराची आठवण होऊन मन ओशाळते. आमची आजी नव्वदीपर्यंत जगली. तिलाही ऐन तारुण्यात वैधव्य आले होते. नागपंचमीला पाटावर नाग काढावयाचा तो तिनेच. शेपटीचा वेढा तिच्यासारखा कोणाला जमत नसे. परंतु नाग काढून झाला, की ती हात धुऊन आपणहून मागे सरके, आणि पूजेला सुना पुढे बसत. मग मागे भिंतीला टेकून ती कहाणी सांगे. कहाणीच्या शेवटी ती आपल्या माहेरची एक ओवी म्हणत असे. तिची चाल आम्हांस अजून आठवते. शब्द मात्र एकालाही आठवत नाहीत. आम्ही इतकी शिकलेली माणसे घरात होतो, वह्या होत्या, लेखण्या होत्या. पण ‘आजी, जरा थांब, लिहून घेतो’ असे म्हणण्याची बुद्धी एकालाही झाली नाही. तिला मागे बसविण्यात काही वावगे आहे, हेही तेव्हा कोणाच्या मनात आले नाही. जिला सारे ठाऊक होते, तिलाच आम्ही मागे बसविले.

ज्यांच्या घरी आज आजी, पणजी, एखादी वृद्ध आत्या अथवा मावशी आहे, त्यांनी आपले भाग्य ओळखावे. दिंडे उकडत आहेत तोवर तिच्यापाशी बसावे आणि तिच्या माहेरची नागपंचमी कशी होत असे, ते विचारावे. वारुळाला कोण जात असे, झोका कोणत्या झाडाला बांधीत, फेर धरताना कोणते गाणे म्हणत, हे सारे लिहून घ्यावे. आता तर हातातील भ्रमणध्वनीतही आवाज साठवून ठेवता येतो. तेवढी सोय सोपानदेवांपाशी नव्हती. आणि ती माउली सौभाग्यवती असो वा नसो, आजच्या पूजेला तिला पाटाजवळ, सर्वांच्या पुढे बसवावे. कहाणीतल्या नागिणीने त्या लेकीची भक्ती पाहिली, कपाळ पाहिले असे कहाणी कोठेही म्हणत नाही.

देव्हाऱ्यातील देव आपण सांभाळतो, पोथ्या सोवळ्यात बांधून ठेवतो. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या मुखातील पोथी मात्र तिच्याबरोबरच मिटते. ती मिटण्यापूर्वी तिची निदान काही पाने आपल्या हाती लागोत, आणि घराघरांत एखादा तरी सोपान कान देऊन बसलेला असो, हीच आजच्या दिवशी नागदेवतेच्या चरणी प्रार्थना.