चार जागा जमणारा खेळाडू मैदानात उभा कुठे करायचा?
अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला जुना पेच, आणि ट्रॅव्हिस हंटरने त्याला दिलेलं नवं वळण

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. त्याआधीच्या सरावात बहुतेक संघांत एखादा पोरगा असा निघतोच, की जो जोरात पळतो, झेल घेतो आणि समोरच्याला आडवाही करतो. शाळेच्या संघात तो चार-पाच जागांवर खेळून आलेला असतो. कॉलेजात आल्यावर मात्र प्रशिक्षकाला ठरवावं लागतं, की याची हक्काची जागा कोणती?

वरवर हा सुखाचा प्रश्न वाटतो. पण कॉलेज खेळाडूच्या हातात साधारण चारच हंगाम असतात. त्यातले दोन चुकीच्या जागी गेले, तर पुढची व्यावसायिक संधीही हातची जाऊ शकते. म्हणून हा निर्णय कसा घेतात, ते समजून घेऊ.

आधी खेळ कोणता ते पाहू

बेळगाव, कोल्हापूर, गोव्यात आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो हा नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू बहुतांश हातात असतो. मैदानात अकरा विरुद्ध अकरा असतात, पण एका संघात आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. चेंडू आपल्याकडे आला की एक तुकडी आत, गेला की दुसरी. प्रत्येक चालीला 'स्नॅप' म्हणतात.

आक्रमणात क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, वाइड रिसीव्हर पळत जाऊन तो झेलतो. बचावात कॉर्नरबॅक त्याच रिसीव्हरच्या मागावर असतो. दोघांनाही वेग लागतो, हात लागतात, उडी लागते. म्हणूनच सगळ्यात जास्त घोळ या दोन जागांत होतो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण खेळाडू बदलण्यावर कडक बंधनं होती. जो आक्रमणात तोच बचावात, सरसकट. कॉलेजांत मधल्या काळात ही बंधनं सैल झाली, १९५३ मध्ये पुन्हा आवळली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यात कायमची सुटली. तेव्हापासून प्रत्येक जागेचा तज्ज्ञ तयार व्हायला लागला आणि सगळं जमणाऱ्याची पंचाईत सुरू झाली.

सर्वोत्तम कुठे, की गरज कुठे?

लोक सहसा विचारतात, हा पोरगा सगळ्यात चांगला कुठे खेळतो? प्रशिक्षकाचा हिशेब थोडा वेगळा असतो. तो पाहतो, की याला इथून काढला तर याच्या जागी कोण येणार आणि संघ किती खाली जाणार?

समजा, एक जण रिसीव्हर म्हणून दहापैकी नऊ गुणांचा आहे आणि कॉर्नरबॅक म्हणून आठ. पण संघात आठ गुणांचा दुसरा रिसीव्हर बसून आहे आणि कॉर्नरबॅकला मात्र चार गुणांचाच पर्याय आहे. मग त्याला रिसीव्हर ठेवून संघाचा फायदा एका गुणाचा, कॉर्नरबॅक केला तर चार गुणांचा. म्हणजे तो जिथे थोडा कमी चांगला आहे, तिथेच तो जास्त उपयोगाचा.

हे गणित आपल्याला नवीन नाही. इंदूरमध्ये जन्मलेला, कर्नाटककडून खेळलेला राहुल द्रविड २००३ च्या विश्वचषकात यष्टिरक्षण करत होता, ते आठवा. तो काही देशातला सर्वोत्तम यष्टिरक्षक नव्हता. पण त्याने ग्लोव्ह्ज घातले, की एक जादा फलंदाज संघात बसत होता. भारत अंतिम फेरीत पोहोचला.

दोन्हीकडे का नाही खेळवत?

इथे वेळेचा प्रश्न येतो. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हंगामात आठवड्याला २० तासच सरावाची परवानगी देते. त्यात मैदान, व्यायामशाळा आणि चित्रफिती पाहण्याच्या बैठकाही आल्या. आक्रमणाच्या आणि बचावाच्या बैठका सहसा एकाच वेळी, वेगवेगळ्या खोल्यांत चालतात. एका माणसाला दोन्हीकडे बसता येत नाही.

शिवाय दोन्ही कामांचा स्वभाव वेगळा. रिसीव्हरला आपण कुठे वळणार हे आधीच ठाऊक असतं. त्याचं काम म्हणजे क्वार्टरबॅकशी वेळ जुळवणं, आणि ते एकत्र घोटून घोटूनच येतं. कॉर्नरबॅकला काहीच ठाऊक नसतं. समोरच्याच्या कमरेची हालचाल वाचून, उलटं पळत, क्षणात वळायचं. नुसता वेग असून इथे भागत नाही.

संघाचा शनिवार आणि खेळाडूचं आयुष्य

खरी गोम इथे आहे. कॉलेजचे सामने बहुतेक शनिवारी होतात आणि प्रशिक्षकाची नोकरी त्यावर टिकते. खेळाडूला मात्र पुढची दहा वर्षं दिसत असतात. शाळा सुटून तीन वर्षं झाली, की तो एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीला, म्हणजे ड्राफ्टला, पात्र होतो.

जागेनुसार पैसा किती बदलतो पाहा. एनएफएलमध्ये संघ एखाद्या खेळाडूला एका वर्षासाठी राखून ठेवू शकतो, आणि त्याची रक्कम जागेप्रमाणे ठरते. २०२५ मध्ये ती रिसीव्हरसाठी सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर होती, कॉर्नरबॅकसाठी सुमारे २ कोटी, तर चेंडू घेऊन गर्दीत घुसणाऱ्या रनिंग बॅकसाठी जेमतेम १ कोटी ३६ लाख. रनिंग बॅक मारही जास्त खातो आणि त्याची कारकीर्दही लवकर आटोपते. म्हणजे 'संघासाठी तू रनिंग बॅक हो' हे वाक्य वाटतं तितकं साधं नाही.

लमार जॅक्सनचं उदाहरण बोलकं आहे. लुइव्हिल विद्यापीठाचा हा क्वार्टरबॅक २०१६ मध्ये हाइझमन ट्रॉफीचा, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोच्च वैयक्तिक सन्मानाचा मानकरी ठरला. तरी २०१८ च्या ड्राफ्टआधी बिल पोलियन यांच्यासारख्या जाणत्या माजी व्यवस्थापकाने त्याने रिसीव्हर व्हावं असं सुचवलं. जॅक्सन हलला नाही. बाल्टिमोरने त्याला ३२ व्या क्रमांकावर, क्वार्टरबॅक म्हणूनच घेतलं. २०१९ आणि २०२३ मध्ये तो लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला.

पण हट्ट धरणं नेहमीच बरोबर ठरतं असंही नाही. ज्युलियन एडलमन केंट स्टेटमध्ये क्वार्टरबॅक होता. व्यावसायिक क्वार्टरबॅक होण्याची त्याला फारशी आशा नव्हती. न्यू इंग्लंडने २००९ मध्ये शेवटच्या, सातव्या फेरीत घेऊन त्याला रिसीव्हर केलं, आणि २०१९ च्या सुपर बोलमध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. अर्कान्सासचा जेसन पीटर्स कॉलेजात टाइट एंड, म्हणजे झेलही घेणारा आणि अडवणूकही करणारा गडी होता. २००४ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतलं नाही. नंतर तो नुसती अडवणूक करणारा टॅकल झाला आणि वर्षानुवर्षं आपल्या जागेवरच्या उत्तम खेळाडूंत गणला गेला.

हंटरने काय केलं?

ट्रॅव्हिस हंटरने या सगळ्या गणिताला धक्का दिला. कोलोरॅडोत डिऑन सँडर्स यांच्या हाताखाली तो रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक दोन्ही खेळला. नुसता अधूनमधून नव्हे, जवळजवळ पूर्ण वेळ. २०२४ च्या हंगामात त्याचे सामन्यामागे सरासरी शंभरावर स्नॅप झाले. ९६ झेल, १,२५८ यार्ड, १५ टचडाउन, आणि बचावात ४ चेंडू हिसकावले. सर्वोत्तम रिसीव्हरचा बिलेटनिकॉफ आणि सर्वोत्तम बचावपटूचा बेडनारिक, असे दोन्ही पुरस्कार घेऊन वर हाइझमनही जिंकली.

सँडर्स यांना हे सुचलं यात नवल नाही. ते स्वतः नामांकित कॉर्नरबॅक होते आणि एनएफएलमध्ये रिसीव्हर म्हणूनही खेळले होते. जॅक्सनव्हिलने २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर येण्यासाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्कही मोजला आणि हंटरला घेतलं. तिथे त्याचा भर रिसीव्हरवर होता, सोबत कॉर्नरबॅक. सात सामन्यांनंतर सरावात गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि पहिला हंगाम तिथेच संपला. ही दुखापत दुहेरी कामामुळेच झाली असं ठरवणं चुकीचं ठरेल. पण जो माणूस दोन जागा सांभाळतो, तो बसला की संघाला एकाच दिवशी दोन भोकं पडतात, हे मात्र खरं.

मधला मार्ग

हंटर अपवाद आहे. बहुतेकांसाठी जवळचं उदाहरण मिशिगनच्या चार्ल्स वूडसनचं. १९९७ मध्ये तो पक्का कॉर्नरबॅक होता. आक्रमणात त्याला मोजक्या, ठरलेल्या चालींपुरतं आणायचे, शिवाय समोरच्या संघाने लाथाडलेला चेंडू परत घेऊन पळायला. ओहायो स्टेटविरुद्ध त्याने तिन्ही प्रकारांत आपली छाप पाडली. मिशिगन त्या वर्षी अपराजित राहिलं, आणि हाइझमन जिंकणारा वूडसन हा मुख्यतः बचावात खेळणारा पहिला खेळाडू ठरला. पुढे एनएफएलमध्ये वय वाढल्यावर तो कॉर्नरबॅक सोडून मागच्या सेफ्टीच्या जागी गेला आणि आणखी काही वर्षं टिकला.

यातून सरळ उत्तर निघतं. घर एकच असावं. दुसरीकडे पाहुणा म्हणून जावं. घर ठरवताना तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात: त्याच्याविना संघ सर्वात जास्त कुठे उघडा पडतो, त्याची उंची-वजन पुढच्या पातळीवर कोणत्या जागेला पुरेल, आणि त्याला स्वतःला काय हवंय. पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जुळली तर वादच नाही. जुळली नाहीत, तर प्रशिक्षकाने ते पोराला समोर बसवून स्पष्ट सांगावं: या वर्षी संघासाठी तू इथे खेळतोयस, त्याने तुझं अमुक नुकसान होऊ शकतं, पुढच्या हंगामात तुला तुझी जागा देतो. दिलेला शब्द मग पाळावा.

आता कॉलेज खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात जाणं पूर्वीपेक्षा कितीतरी सोपं झालंय. न सांगता जागा बदललेला पोरगा हंगाम संपताच बॅग भरतो. मग त्याची जागाही रिकामी राहते आणि ज्या भोकासाठी त्याला हलवलं होतं, तेही पुन्हा उघडं पडतं.