गन टिकते, आकडा टिकतो का?

वर्कशॉपसाठी टेम्परेचर गन घ्यायला गेलं की दुकानदार दोन गोष्टी आधी सांगतो: किती उंचीवरून पडली तरी चालते आणि किती अंशांपर्यंत मोजते. दोन्ही गोष्टी खोट्या नाहीत. फ्लूकची ६२ मॅक्स ही या वर्गातली नावाजलेली गन तीन मीटरवरून पाडून तपासलेली असते आणि धूळ-शिंतोड्यांपासून बचावाचा आयपी ५४ हा दर्जा तिला असतो. शिडीवर चढलेल्या फिटरच्या खिशातून वस्तू काँक्रीटवर पडायला वेळ लागत नाही, तेव्हा हा मजबूतपणा हवाच. पण या उपकरणाचा टिकाऊपणा कवचावर ठरवणं चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हर्नियरचा जबडा झिजला तर बंद करून धरल्यावर फट दिसते, मल्टिमीटरची वायर तुटली तर लगेच कळतं. गनचं तसं नाही. तिचं भिंग धुरकटलं, आतली जुळणी सरकली, तरी ट्रिगर दाबला की पडद्यावर आकडा उमटतो, तोही दशांश चिन्हासह. म्हणून पाचव्या वर्षीही जिच्या आकड्यावर विसंबून काम करता येतं, आणि विसंबायचं की नाही हे आपल्याला स्वतः तपासता येतं, तीच गन टिकाऊ म्हणावी.

हा आकडा येतो कुठून, हे समजलं की निवड पुष्कळ सोपी होते. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे, थर्मामीटर ठेवला आणि तो चढला. तेच अवरक्त किरण. पुढे १८७९ मध्ये योझेफ श्टेफान यांनी दाखवलं की वस्तूतून बाहेर पडणारी ही ऊर्जा तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. वर्कशॉपमधली गन साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या लहरी भिंगातून गोळा करते, थर्मोपाइल नावाच्या संवेदकावर पाडते आणि त्या ऊर्जेवरून तापमानाचा हिशेब मांडते. लाल लेसर काहीच मोजत नाही, तो फक्त नेम दाखवतो. साधी काच या लहरींना भिंतीसारखी असते, त्यामुळे ओव्हनच्या खिडकीतून नेम धरला तर आतल्या कामाचं नव्हे, काचेचं तापमान मिळतं.

या साखळीतला सगळ्यात नाजूक दुवा म्हणजे भिंग. स्वस्त गनमध्ये ते बहुधा प्लॅस्टिकचं असतं, महाग गनमध्ये जर्मेनियम किंवा सिलिकॉनचं. ग्राइंडिंगची धूळ, कूलंटचा फवारा, वेल्डिंगचे उडालेले कण हे सगळं त्याच्यावर बसतं. मळलेल्या भिंगातून ऊर्जा कमी पोचते आणि गरम वस्तू प्रत्यक्षापेक्षा थंड दिसते, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या दिशेने होते. त्यामुळे भिंग नळीत खोल बसवलेलं आहे का, टोपी किंवा पाउच मिळतो का, हे मी पडण्याच्या उंचीच्या आधी पाहायला सांगेन. पुसताना थिनर आणि पेट्रोल वर्ज्य. कंप्रेसरची हवाही नको, तिच्यात तेल आणि पाणी असतं. रबरी फुग्याची हवा आणि किंचित ओल्या कापसाची काडी एवढं पुरतं.

आता इमिसिव्हिटी, म्हणजे उत्सर्जकता. एकाच तापमानाला काळा, खडबडीत पृष्ठभाग जवळजवळ पूर्ण ऊर्जा सोडतो, चकाकणारा धातू फारच थोडी. पुष्कळ स्वस्त गनमध्ये ही किंमत ०.९५ ला कायमची बांधलेली असते. रंगवलेली मोटर, गंजलेला पाइप, इन्सुलेशन यांना ती चालते. पण शाफ्टवर चढवण्यासाठी बेअरिंग तापवण्याचं काम घ्या. ते साधारण ११० अंशांपर्यंत न्यायचं असतं आणि १२५ च्या पुढे जाऊ द्यायचं नसतं. चकचकीत रिंगची उत्सर्जकता ०.२ धरली आणि शेडचं तापमान ३० अंश असलं, तर ११० अंशांची रिंग या गनवर पन्नाशीच्या आसपास दिसेल. अजून तापलं नाही असं समजून पडद्यावर ११० येईपर्यंत तापवत राहिलं, तर पोलाद खरोखर २०० अंशांच्या पुढे गेलेलं असेल. त्याचा कडकपणा आणि मापं दोन्ही बिघडतील, आणि वरून काहीच दिसणार नाही. गन नवी असो वा जुनी, दोष तोच. म्हणून उत्सर्जकता बदलता येणारी गन घ्यावी, आणि जमल्यास के टाइप थर्मोकपल लावायचं सॉकेट असलेली. चकाकत्या धातूला स्पर्शानेच मोजलेलं बरं. कमी तापमानाच्या कामाला काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून, तो वस्तूइतका तापू देऊन त्यावर नेम धरता येतो. चांगली विनाइल टेप १०५ अंशांच्या आसपास तग धरते, तिच्यापलीकडे मॅट काळ्या उष्णतारोधक रंगाचा ठिपका द्यावा.

अंतराचं गणित सोपं आहे, तरी विसरलं जातं. अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास यांचं प्रमाण १२:१ असलेली गन १.२ मीटरवरून १० सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी देते. पॅनेलमधला छोटा टर्मिनल तेवढ्या अंतरावरून मोजला तर मागचा पत्राच मोजला जातो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: वर्कशॉपला खरा आकडा लागतोच कुठे? कालच्यापेक्षा आज बेअरिंग जास्त तापतंय का एवढंच पाहायचं असेल तर स्वस्त गन का नको? हे बरंचसं मान्य आहे. जागा तीच, अंतर तेच, पृष्ठभाग तोच असेल तर चुकीचा आकडाही रोज सारखाच चुकतो आणि फरक खरा निघतो. पण दोन यंत्रांची तुलना सुरू झाली, एकाचं हाउसिंग रंगवलेलं आणि दुसऱ्याचं उघडं असलं, की तो आधार सुटतो. ‘एका चांगल्या गनच्या पैशांत तीन स्वस्त येतात, बिघडली की फेकू’ हा दुसरा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. ‘बिघडली’ हे कळणार कसं, याचं उत्तर त्यात नाही. आणि जास्त अंशांची पट्टी घेतल्याने भविष्य सुरक्षित होतं हाही भ्रम आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीत १,४०० अंशांचा लोखंडाचा रस मोजायला आखूड लहरींचे किंवा दोन रंगांचे पायरोमीटर, नाहीतर रसात बुडवायचे थर्मोकपल वापरतात. ते काम या गनचं नव्हेच. २०२० मध्ये गेटवर ठेवण्यासाठी घेतलेल्या ताप मोजायच्या गनही इथे निरुपयोगी आहेत, त्यांची पट्टी ४३ अंशांच्या आसपास संपते.

तपासणीसाठी सगळ्यात खात्रीचा साथीदार म्हणजे बर्फ. रुंद भांड्यात बारीक ठेचलेला बर्फ गच्च भरावा, फटी भरतील एवढंच पाणी घालावं, ढवळून थोडा वेळ थांबावं आणि जवळून सरळ नेम धरावा. उत्सर्जकता ०.९५ ते ०.९७ ठेवली तर आकडा शून्याच्या एक-दोन अंशांत यायला हवा. उकळत्या पाण्याचा मोह टाळावा. वाफ भिंगावर बसते, शिवाय समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असलेल्या पुण्यात पाणी १०० ला नव्हे, ९८ च्या आसपास उकळतं. एसी ऑफिसमधून तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आणलेल्या गनला तपासण्याआधी अर्धा तास तिथल्या हवेशी जुळू द्यावं. ज्या कामात आकड्यावर माल पास-नापास होतो, तिथे एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून वर्षाला एकदा कॅलिब्रेशन करून घ्यावं, आणि तेही आपण जिथे मोजतो त्या तापमानांवर. बर्फाचा आकडा दर महिन्याला तारखेसह गनच्या पाउचमध्ये ठेवलेल्या कागदावर लिहावा. तो एका बाजूला सरकताना दिसला तर आधी भिंग पुसावं, सेल बदलावा आणि मग पुन्हा बर्फावर धरून पाहावं.