हवा फुकट, हायड्रोजन महाग

रोवणी आटोपली की अहेरी-आलापल्लीकडच्या धानाच्या बांध्यांना युरियाची निकड लागते. हे खत हवेपासून होते असे शाळेत शिकवतात. ते खोटे नाही, पण हिशेबाची महाग बाजू त्यात झाकली जाते. ४५ किलोंच्या एका थैलीसाठी साधारण साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो. त्यात नायट्रोजन २१ किलो आणि हायड्रोजन जेमतेम साडेचार किलो. कारखाना कुठे उभा राहील आणि कशावर चालेल, हे मात्र तो साडेचार किलोच ठरवतो.

नायट्रोजन सोपा आहे असे नव्हे. त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रचंड दाबाखाली तो हायड्रोजनशी जोडून दाखवला आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला त्याचा कारखाना चालू केला. अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून कमी तापमान सोयीचे. पण तिथे क्रिया इतकी मंदावते की हाती काहीच लागत नाही. मग लोखंडाचा उत्प्रेरक, चारशे-साडेचारशे अंश तापमान आणि वातावरणाच्या दीड-दोनशे पट दाब, असा मधला तोडगा निघाला. एका फेरीत पाचवा-सहावा हिस्साच अमोनिया होतो; तो गार करून द्रवरूपात काढतात आणि उरलेला वायू पुन्हा आत सोडतात. हे कोडे शंभर वर्षांपूर्वीच सुटले. हायड्रोजनचे अजून सुटतेच आहे.

पुरावा प्राणहितेपलीकडे, तेलंगणातल्या रामगुंडमला आहे. तिथला सरकारी खत कारखाना १९८० मध्ये सुरू झाला तो कोळशावर. सिंगरेणीच्या खाणी उशाशीच होत्या. पण कोळशात हायड्रोजन फार थोडा. तापलेल्या कोळशावर वाफ सोडून तो पाण्यातून ओढून काढायचा, वर राख निस्तरायची. १९९९ मध्ये कारखाना बंद पडला. त्याच गावात २०२१ मध्ये उत्पादन सुरू झाले ते दिवसाला २,२०० टन अमोनियाच्या क्षमतेने आणि नैसर्गिक वायूवर. मिथेनमध्ये एका कार्बनमागे चार हायड्रोजन असतात, शिवाय वाफेतला मिळतो तो वेगळाच. जुना कारखाना यंत्रांच्या आणि विजेच्या अडचणींनी बुडाला, कोळशाला दोष कशाला, असे कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. ओडिशात तालचेरला पुन्हा कोळशाचीच वाट धरली आहे. तरी कोळसा दारात असताना रामगुंडमने दुरून नळाने येणारा वायू पत्करला, तो विजेच्या अडचणींमुळे नव्हे.

मग विजेने पाणी फोडून हायड्रोजन का घेऊ नये? घ्यावा, पण टनभर अमोनियाला सुमारे दहा हजार युनिट वीज लागते. शिवाय युरियाला थैलीमागे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड हवा, तो आज इंधनातूनच आयता मिळतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धानानंतरच्या ओलाव्यावर टाकलेल्या लाखोळीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हेच काम भट्टीशिवाय करतात. करतात, पण नायट्रोजनच्या एका रेणूमागे त्यांना एटीपीचे निदान सोळा रेणू खर्चावे लागतात, आणि त्यासाठीची साखर लाखोळीला स्वतःच्या वाढीतून काढून द्यावी लागते. पुढे दाणे घरी नेले की बराचसा नायट्रोजनही त्यांच्याबरोबर जातो. बांधीत उरतो तो मुळांचा आणि पाल्याचा. त्यावर युरिया कमी लागतो, सुटत नाही.